परीक्षकांचे मनोगत

गणपती बसले की नाशिकच्या सोसायट्यांमध्ये नृत्यस्पर्धेसाठी परीक्षक शोधायला सुरुवात होते. पात्रता दोनच: कधीकाळी गांधर्व महाविद्यालयाची ‘मध्यमा पूर्ण’ परीक्षा झालेली असावी आणि रविवारी संध्याकाळी माणूस मोकळा असावा. यातली दुसरी अट जास्त कडक. माझ्यात दोन्ही बसतात, त्यामुळे इंदिरानगरपासून गंगापूर रोडपर्यंत माझे श्रीफळांचे खाते चालू आहे.

भरतमुनींनी हे काम इतक्या स्वस्तात सोडले नव्हते. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात परीक्षकांना ‘प्राश्निक’ म्हटले आहे आणि त्यांची यादीच दिली आहे. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, वैयाकरणी, चित्रकार, गायक, गणिका, राजा, राजसेवक आणि चक्क धनुर्धारीसुद्धा! उभे राहण्याची ढब धनुर्धाऱ्याइतकी कुणाला कळणार? आमच्याकडे राजाच्या जागी नगरसेवक येतात आणि दुसऱ्या गाण्याला उठून पुढच्या मंडळात जातात. बाकीच्या नऊ जणांचे काम उरलेल्या दोघांनी करायचे. प्रयोगात येणारी विघ्नेही मुनींनी नोंदवली आहेत: वारा, पाऊस, मुंग्या, प्रतिस्पर्ध्यांनी फेकलेले शेण. शेण आता थांबले आहे. पेनड्राइव्ह मात्र अडकतो.

गुणपत्रिकेत ताल, हावभाव, वेशभूषा, सादरीकरण असे रकाने असतात. वेशभूषेत सगळ्यांना पैकीच्या पैकी, कारण नऊवारी भाड्याने आणलेली असते आणि सगळ्यांचे दुकान एकच. खरी पंचाईत शेवटी होते. निवेदिका म्हणते, “आता परीक्षकांचे मनोगत.” मग परीक्षक माईक धरून म्हणतात, “सगळेच छान नाचले, निकाल देणे खूप कठीण गेले, अजून मेहनत घ्या.” टाळ्या होतात. नाचलेल्या पोराच्या हाती काय पडते? मेहनत तर त्याने घेतलीच आहे, महिनाभर गच्चीवर. आता नेमके काय करायचे, ते कुणीच सांगत नाही.

मागच्या एका स्पर्धेत आठ-नऊ वर्षांची मुलगी कथक करत होती. पाय स्वच्छ, पूर्ण तळवा जमिनीवर पडत होता. चक्कर घेताना मात्र तिसऱ्याच फेरीत तोल गेला. कारण समोरच बसले होते. पहिल्या रांगेत तिची आई खुर्चीतल्या खुर्चीत सगळा नाच करत होती आणि पोरगी दर फेरीला तिच्याकडे बघत होती. चक्करमध्ये नजर एका ठिकाणी रोवायची असते, मान शेवटी वळते आणि सगळ्यांत आधी परत येते. हलत्या आईवर नजर कशी रोवणार?

निकालानंतर तिला बाजूला घेतले. म्हटले, “बाळा, पाय फार सुरेख. चक्कर घेताना समोरच्या घड्याळाकडे बघ. आणि तिहाईचा तिसरा पल्ला घाईत घेतलास, म्हणून सम हुकली. रोज हातावर ताल धरून पढंत कर, मग नाच.” तिने तिथेच, मांडवाच्या कडेला, घुंगरू न सोडता, घड्याळ पकडून चक्कर घेऊन बघितले. पाच आले. आई म्हणाली, “मॅडम, पण नंबर का नाही आला?”

तो प्रश्नही रास्तच आहे. पण त्याचे उत्तर गुणपत्रिकेत असते, आणि ती अध्यक्षांच्या खिशात.

सूचना एका वेळी दोनच कराव्यात, असे माझे मत आहे. पाच सांगितल्या तर घरी जाईपर्यंत त्यातली एकच उरते, आणि तीही नेमकी वेशभूषेबद्दलची. सूचना उद्याच्या रियाझात करून बघता येईल अशी असावी. आणि ती माईकवरून तर मुळीच देऊ नये. चुकलेली सम अख्ख्या सोसायटीला कळायची गरज नाही, बऱ्याच जणांना ती आधीही कळलेली नसते.

तेव्हा मंडळांना एकच विनंती. निकालानंतर दहा मिनिटे परीक्षकांना मुलांजवळ बसू द्या आणि पालकांना तेवढा वेळ प्रसादाच्या रांगेत उभे करा. सत्कार मागाहून केला तरी चालेल. शाली आमच्याकडे भरपूर आहेत.