निर्विकार मॉडेल

भाची फोटोग्राफी शिकायला पुण्यात आली आणि आमच्याकडे राहू लागली, तेव्हा मला वाटलं, आपला एखादा धड फोटो निघेल. पण या मुलीला धड फोटोचंच वावडं. पहिल्याच आठवड्यात तिने आमच्या जेवणाच्या टेबलाचा फोटो दाखवला. त्यात टेबल नव्हतं. नुसते पिवळे पट्टे.

"कॅमेरा मुद्दाम हलवलाय, मामा. अर्ध्या सेकंदाचं शटर. ही सकाळची घाई आहे."

माझ्या लग्नाचे सगळे फोटो याच शैलीतले आहेत. त्या फोटोग्राफरचे आम्ही पैसे कापले होते.

मग कॉलेजातून काम मिळालं: नऊ रस, नऊ फोटो. बाहेरचं मॉडेल परवडेना, घरचा मामा फुकट. खिडकीशी खुर्ची मांडली गेली. बंदी येण्याआधीच्या गणपतीच्या मखरातला थर्माकोलचा पत्रा माळ्यावरून उतरला. माझ्या डाव्या गालावर उजेड परतवण्याचं काम त्याच्याकडे आलं. एका नाटकवाल्याकडून लाल जिलेटिन आलं. फोटोला स्वप्नाळू धूसरपणा हवा म्हणून लेन्सवरच्या फिल्टरला व्हॅसलीन फासलं. ते माझ्या टाचांसाठी आणलेलं होतं.

"मामा, शोक."

मी शोक केला.

"अरे, शोक कर ना!"

"हाच शोक आहे."

"मघाशी हास्य म्हणून हेच दिलंस."

यात माझा दोष नाही, हे घराण्याचं आहे. 1839 साली डॅगेरोटाइप आला तेव्हा एका फोटोला कित्येक मिनिटं लागत. पुढे वेळ कमी झाला तरी माणूस हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आकडा लावत. आमच्या पणजोबांच्या फोटोत आकडा दिसत नाही, पण चेहऱ्यावर तो स्पष्ट उमटलाय. आता शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागात मिटतं, ही बातमी आमच्याकडच्या पुरुषांच्या चेहऱ्यापर्यंत अजून पोचलेली नाही. शिवाय नोकरीत तीस वर्षं साहेबासमोर काहीही न दिसू देण्याचाच पगार घेतला. असा कमावलेला चेहरा एका रविवारात कसा मोडणार?

नाही म्हणायला शांतरस पहिल्या फटक्यात जमला. मी खूश झालो, तर भाची म्हणाली की भरताने मुळात आठच रस सांगितलेत, हा नववा मागाहून आला. म्हणजे जमला तोही पुरवणीतला.

दुसऱ्या दिवशी तिने द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरची गोष्ट सांगितली. या गृहस्थाने एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्याला विजेच्या तारा लावून हवे ते स्नायू आखडवले, हवी ती भावना काढली आणि फोटोंसकट 1862 मध्ये पुस्तक छापलं. दहा वर्षांनी डार्विनने भावनांवर लिहिलं, तेव्हा त्यातले काही फोटो वापरले. म्हाताऱ्याच्या चेहऱ्याची संवेदना मंद होती, म्हणून तो सोयीचा पडला.

"अगदी तुझ्यासारखा," भाची कौतुकाने म्हणाली. बोलताना तिची नजर इस्त्रीच्या प्लगवर होती.

मी घाईने सुचवलं की त्याच डार्विनसाठी रेलँडर नावाच्या फोटोग्राफरने स्वतःच तोंडं वेडीवाकडी करून फोटो दिले होते, हे तूच परवा सांगितलंस, तूही दे. किंवा ढग काढ. स्टिग्लिट्झ नावाच्या फोटोग्राफरने वर्षानुवर्षं ढगांचे फोटो काढून त्यांतच आपलं मन असल्याचं सांगितलं. ढगांना चहाही लागत नाही. तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. मार्चातलं पुण्याचं आभाळ. त्याचा चेहरा माझ्याहून कोरा.

शेवटी वाट दाखवली ती कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने. सुमारे शंभर वर्षांपूर्वी त्याने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या बशीला, कधी शवपेटीला जोडून दाखवला आणि लोकांनी नटाच्या अभिनयाची वाहवा केली, असं सांगतात. भाचीने माझा एक फोटो निवडला, त्याच्या नऊ प्रती काढल्या आणि प्रत्येकीशेजारी दुसरा फोटो लावला. शृंगाराला हापूसची उघडी पेटी. करुणाला तीच पेटी, रिकामी. बीभत्साला ट्यूबलाइटमागची पाल. अद्भुताला तिच्या वडिलांची नवी गाडी. भयाला सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस, ज्यात खजिनदाराची जागा रिकामी असल्याचं ठळक छापलं होतं.

कॉलेजच्या प्रदर्शनात गर्दी झाली. करुणासमोर एक बाई बराच वेळ हळहळत उभ्या होत्या. डोळ्यांत किती साठलंय म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत तेव्हा थर्माकोलवरून आलेलं ऊन साठलं होतं. तिच्या एका सरांनी, आपण प्रायोगिक रंगभूमीवर कुठे पाहिलंय का, असं मला विचारलं. मी नम्रपणे चेहरा तसाच ठेवला. त्यांना तो विनय वाटला.

बायको मात्र शृंगारापाशी थबकली. "अहो, माझ्याकडे बघताना कधी नाही आलं हे तुमच्या चेहऱ्यावर."

मी तिला समजावू लागलो की हा शृंगार-बिंगार काही नाही, नऊच्या नऊ ठिकाणी एकच चेहरा आहे, तो भयाचाही हाच, बघ. तिने चष्मा सारखा केला आणि भयाकडे नीट निरखून पाहिलं.

"हा मात्र रोजचा," ती म्हणाली.