डिजिटल संन्यास

समाजमाध्यमांचा त्याग हे मराठी मध्यमवर्गात अलीकडे रूढ झालेले व्रत असून त्याचा प्रारंभ फेसबुकवरील निरोपाच्या पोस्टने होतो. ‘काही काळ इथे नसेन’ असे जाहीर करूनही व्रतस्थ लगेच जात नाही; कोण हळहळले आणि कोणी नुसताच अंगठा दाखवला, हे पाहायला तो दोन दिवस थांबतो. व्हॉट्सॲप वर्ज्य नसते. उपासाला साबुदाणा चालतो, तसे ते चालते. कंपनीही दयाळू आहे: खाते कायमचे मिटवायला सांगितल्यावर ३० दिवसांच्या आत परतल्यास झाले गेले विसरून ती सारे जागेवर ठेवते. या मुदतीत संन्याशाला गच्चीवरचा सूर्यास्त, शेजाऱ्यांचे आडनाव आणि मंडईतली चुक्याची जुडी यांचा शोध लागतो. जुडीचा फोटो तेवढा काढून ठेवला जातो. पुढेमागे लागेल म्हणून.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये हेच काम बिनबोभाट नव्हे, चक्क भोंगा वाजवून सुरू केले. संध्याकाळी सातला भोंगा होतो, मोबाइल आणि टीव्ही बंद होतात, मुले अभ्यासाला बसतात. सूर्यास्ताचे कौतुक करायला तिथे कोणी संन्यास घेतलेला नाही. साडेआठला सगळे पुन्हा सुरू होते.