बुकमार्क हवेत, इतिहास नको

नवी सुरुवात करायची ठरली की आपल्याकडे पहिलं काम कोणतं होतं, तर जुन्यातलं काय काय बरोबर न्यायचं याची यादी. पाटी कोरी हवी, पण आधी लिहिलेलं सगळं तिच्यावर दिसतही राहायला हवं. या स्वभावाची परीक्षा पाहायची असेल तर एखाद्या भल्या माणसाला त्याच्या ब्राउझरमध्ये नवं प्रोफाइल करायला सांगावं.

फायरफॉक्स रखडू लागला, उघडताना दम लागल्यासारखा थांबू लागला, कुणीतरी कधीतरी बसवलेली एक्स्टेन्शन्स एकमेकांच्या पायात पाय घालू लागली की जाणकार एकच औषध सांगतात: नवं प्रोफाइल करा आणि जुन्यातलं फक्त गरजेचं तेवढं न्या. औषध अचूक आहे, पथ्य अशक्य. 'गरजेचं तेवढं' या दोन शब्दांवर आपल्याकडे संयुक्त कुटुंबं फुटली आहेत, तिथे एका फोल्डराची काय कथा!

हे प्रोफाइल म्हणजे साधं फोल्डर. विंडोजवर ते ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात, त्यातही 'रोमिंग' नावाच्या खणात असतं. त्याचं नाव म्हणजे आठ निरर्थक अक्षरं आणि अंक, मग एक टिंब आणि पुढे 'डिफॉल्ट-रिलीज'. उपद्रवी प्रोग्रॅमना जागा ओळखता येऊ नये म्हणून ही अक्षरं मुद्दाम कशीही घेतलेली असतात. बारा अंकांत मावायची सवय झालेल्या समाजाला आठ अक्षरांत मावणं जड जाऊ नये. क्रोमवाल्यांनी हसू नये, त्यांचाही संसार 'डिफॉल्ट' नावाच्या फोल्डरातच चाललेला असतो.

आत डोकावलं की मात्र माणूस चपापतो. तुम्ही कोणत्या संकेतस्थळाची अक्षरं किती मोठी करून वाचता, याची नोंद एका फाइलीत असते. चारचौघांत चष्मा न लावणारे इथे दीडशे टक्क्यांवर पकडले जातात. स्पेलिंगखालची लाल रेघ घालवण्यासाठी तुम्ही शब्दकोशात ढकललेले शब्द दुसऱ्या फाइलीत, ओळीला एक असे, शिस्तीत उभे असतात. त्यात स्वतःचं आडनाव, हडपसर, भोसरी, थालीपीठ आणि एक-दोन असे शब्द, जे चुकीचेच होते पण तुम्ही हट्टाने बरोबर ठरवलेत. कोणाला नोटिफिकेशन पाठवायची मुभा दिलीत, तेही लिहिलेलं असतं. रोज सकाळी राशिभविष्य कोण पाठवतं, हे कोडं इथे सुटतं. परवानगी आपलीच होती.

आणि मग येते ती फाइल, जिच्यामुळे हा मजकूर लिहावासा वाटला. प्लेसेस डॉट एस्क्यूलाइट. 2008 साली फायरफॉक्स 3 आला, तेव्हापासून बुकमार्क आणि ब्राउझिंगचा इतिहास या एकाच फाइलीत नांदतात. आपण अभिमानाने जपून ठेवलेली ठिकाणं आणि आपण प्रत्यक्षात जिथे जिथे जाऊन आलो ती ठिकाणं, दोन्हींचा सातबारा एकच. फाइल उचललीत की दोन्ही येतात. ज्याने ही रचना केली त्याला आपल्याकडे पाठ्यपुस्तकं ठरवणाऱ्या कुठल्याही समितीवर चहालासुद्धा बोलावणार नाहीत. बुकमार्क हवेत तर इतिहासही घ्या, हा कसला नियम?

अर्थात पळवाट आहे. बुकमार्क तेवढे एचटीएमएल फाइल करून वेगळे काढता येतात. इतिहास मागे राहतो, श्रद्धास्थानं पुढे जातात. ही सोय कळल्यावर आमच्या प्रभागाच्या माजी नगरसेवकांच्या डोळ्यांत जे तेज आलं, ते मी त्यांच्या कार्यालयात बसून पाहिलं आहे.

मी गेलो होतो रहिवासी दाखल्यावर सही घ्यायला. अण्णांनी नुकताच पक्ष बदलला होता. दारावरची पाटी बदलून झाली होती, भिंतीवरचा जुना फोटो उतरल्याची चौकोनी खूण नव्या फोटोने पुरती झाकली गेली नव्हती, आणि आता पाळी कॉम्प्युटरची होती. समोर कॉम्प्युटर दुरुस्तीवाला पोरगा बसला होता. अण्णांनी त्याला दिलेली सूचना मी शब्दशः देतो:

"हे बघ पोरा, सगळं साफ कर. पण काही जाऊ देऊ नको."

पोरगा हुशार. त्याने मान हलवली आणि विचारलं, "अण्णा, कुकीज ठेवायच्या का?"

"कोणी पाठवल्यात?"

त्याने समजावून सांगितलं. 1994 मध्ये नेटस्केपमधल्या लू माँटुली या इंजिनिअरने ही युक्ती काढली. संकेतस्थळाला काही लक्षात राहत नाही, म्हणून ते तुमच्या कॉम्प्युटरवर एक चिठ्ठी ठेवून जातं. पुढच्या वेळी तुम्ही गेलात की ब्राउझर तीच चिठ्ठी दाखवतो आणि ते तुम्हाला ओळखतं. ही फाइल नव्या प्रोफाइलमध्ये नेली की बहुतेक ठिकाणी पुन्हा लॉगइन करावं लागत नाही.

"म्हणजे जुन्या पक्षाच्या साइटवर गेलो तर?"

"'या अण्णा' म्हणेल. कार्यकर्ता लॉगइन अजून चालू आहे तुमचं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधली चतुर्थी शोधू लागलो.

पण खरी पंचाईत कुकीजची नव्हती, ॲड्रेस बारची होती. आदल्याच दिवशी नव्या पक्षाचे जिल्हाध्यक्ष शेजारी बसलेले असताना अण्णांनी त्यांच्या पक्षाचं संकेतस्थळ उघडायला पहिलं अक्षर दाबलं, आणि ब्राउझरने क्षणाचाही विलंब न लावता जुन्या पक्षाचा पत्ता पूर्ण करून दिला. त्यात त्याचा दोष नाही. तुम्ही एखाद्या ठिकाणी किती वेळा गेलात आणि किती अलीकडे गेलात, या दोन्हींवरून फायरफॉक्स प्रत्येक पत्त्याला गुण देतो, आणि ज्याचे गुण जास्त तो आधी सुचवतो. निष्ठेला रीतसर गुण देणारी महाराष्ट्रात उरलेली ही बहुधा एकमेव यंत्रणा असावी. अण्णांची जुन्या घरची गुणसंख्या वीस वर्षं सतरंज्या उचलून झालेली. नव्या घरी आत्ताशी दोन हार.

"तेवढंच पुसता येईल," पोरगा म्हणाला. "हिस्ट्रीत जाऊन साइटवर राइट क्लिक करायचं. 'फरगेट अबाउट धिस साइट' म्हणून आहे."

हा पर्याय खरंच आहे. त्या एका संकेतस्थळाचा सगळा इतिहास, कुकीज, साठवलेली पानं एका फटक्यात जातात. मोझिलावाल्यांनी तो एखाद्याने नको ती पानं बघितली असतील तर लाजेकाजेस्तव ठेवला असणार. त्याचा असा सार्वजनिक उपयोग होईल हे कॅलिफोर्नियात बसून कसं सुचावं? गंमत अशी की हे विसरणं बुकमार्कला हात लावत नाही. म्हणजे जिथे गेलोच नव्हतो तिथला बुकमार्क तेवढा आपल्याकडे शिल्लक राहतो, आणि तो कसा आला याचं उत्तर कुणालाच देता येत नाही.

मग पोरग्याने 'अबाउट प्रोफाइल्स' हे पान उघडलं, आणि तिथे एक नाही, दोन प्रोफाइलं निघाली. एक 'डिफॉल्ट', दुसरं 'डिफॉल्ट-रिलीज'. मे 2019 मध्ये फायरफॉक्सची 67वी आवृत्ती आली आणि एकाच कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतंत्र प्रोफाइल द्यायचं ठरलं, तेव्हापासून अनेकांच्या घरी अशी जोडी दिसते. त्या वेळी जगभर काही लोकांना एके सकाळी बुकमार्क गायब झालेले दिसले. गायब झाले नव्हते, शेजारच्या प्रोफाइलमध्ये सुखरूप होते.

"यातलं मूळ कोणतं?" अण्णांनी विचारलं. आवाज एकदम गंभीर. हा प्रश्न त्यांना कॉम्प्युटरच्या बाहेरही भेटला होता.

"दोन्ही म्हणतात आपणच."

"आणि ठरवतं कोण?"

"प्रोफाइल्स डॉट आयएनआय म्हणून छोटी फाइल असते. तिच्यात ज्याच्यापुढे 'डिफॉल्ट' लिहिलंय ते खरं."

"किती दिवसांत निकाल लागतो?"

"लगेच. नोटपॅडमध्ये उघडता येते."

अण्णा खुर्चीत मागे रेलले. मूळ कोणतं, नाव कोणाचं, चिन्ह कोणाचं, यावर आपल्या राज्यात आयोग झाले, सुनावण्या झाल्या, विधानसभाध्यक्षांपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत फायली फिरल्या. आणि इथे चार ओळींची फाइल. दहाव्या परिशिष्टाला 1985 मध्ये आणि त्याच्या दुरुस्तीला 2003 मध्ये जे नीट जमलं नाही, ते एका टेक्स्ट फाइलीत. एकतृतीयांश फुटले तर चालतं का, हा प्रश्नही तिथे येत नाही. प्रोफाइलमधल्या एकतृतीयांश फाइली नेल्यात तर उरलेलं नीट चालत नाही, इतकंच.

"आणि समज," अण्णा जरा थांबून म्हणाले, "पुढे कधी परत जायची वेळ आली तर? हेच प्रोफाइल घेऊन जुन्या व्हर्जनमध्ये?"

"नाही जमत. नव्या व्हर्जनमध्ये वापरलेलं प्रोफाइल जुन्यात उघडायला गेलं की ते अडवतं. नवीन प्रोफाइल करा म्हणतं."

"मग हे सॉफ्टवेअर आपल्या कामाचं नाही."

हे मात्र त्यांनी मनापासून म्हटलं.

खरं तर पोरग्याने हा सगळा खटाटोप एका बटणात संपवला असता. फायरफॉक्समध्ये 'रिफ्रेश' नावाचं बटण आहे. ते तुमच्यासाठी नवं प्रोफाइल करतं, बुकमार्क, इतिहास, पासवर्ड, कुकीज स्वतःच पलीकडे नेतं आणि एक्स्टेन्शन्स, थीम, बदललेली सेटिंग्ज मागे ठेवतं. शुद्धीकरणाच्या विधीला एवढा कमी वेळ लागतो हे पाहून वाटतं, पक्षप्रवेशाला मंडप तरी कशाला घालतात? पण विधीनंतर तेच बटण एक काम गुपचूप करून ठेवतं. जुनं सगळं एका फोल्डरात भरून ते तुमच्या डेस्कटॉपवर, अगदी पहिल्या नजरेला पडेल असं मांडतं. फोल्डरचं नाव 'ओल्ड फायरफॉक्स डेटा'. कार्यालयात येणारा प्रत्येक माणूस स्क्रीनकडे बघतो, म्हणून अण्णांनी बटणाला ठाम नकार दिला. गंगेत न्हाऊन आलेल्या माणसाचे जुने कपडे कुणी दारातच दोरीवर वाळत घालतं का?

शेवटी उरले पासवर्ड. अण्णांच्या पिढीत हे डायरीच्या शेवटच्या पानावर असायचे. आता लॉगिन्स डॉट जेसन नावाच्या फाइलीत असतात, कुलूपबंद, आणि कुलपाची किल्ली की-फोर डॉट डीबी नावाच्या दुसऱ्या फाइलीत. दोन्ही बरोबर नेल्या तरच उपयोग. एकटी पहिली नेलीत तर नुसतं कुलूप हाती लागतं, एकटी दुसरी नेलीत तर किल्ली घेऊन वणवण. एकमेकांशिवाय दोघांनाही शून्य किंमत आणि म्हणून कायम एकत्र, हे बघून अण्णांना या व्यवस्थेबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. "युती आहे म्हण की," ते म्हणाले.

"अण्णा, प्रायमरी पासवर्ड लावलाय का?" पोरग्याने विचारलं.

"तो कशाला आणखी?"

"दोन्ही फाइली कुणाच्या हाती लागल्या तर सगळे पासवर्ड वाचता येतात. तो लावला असला तर नाही येत."

"माझ्या कॉम्प्युटरला कोण हात लावतंय?" अण्णा हसले. "घरचाच तर आहे सगळा कारभार."

पोरग्याने पेनड्राइव्ह लावला. जुन्या फोल्डरातून दोन्ही फाइली, प्लेसेसची फाइल, कुकीजची फाइल, असं एकेक आधी पेनड्राइव्हवर आणि मग तिथून नव्या फोल्डरात गेलं. फायरफॉक्स आधी पूर्ण बंद करायला तो विसरला नाही. चालू असताना फाइली हलवल्या की नवं प्रोफाइलही पहिल्याच दिवशी आजारी पडतं, हे त्याला माहीत होतं. पंधरा मिनिटांत नवं प्रोफाइल उभं राहिलं. अण्णांनी पहिलं अक्षर दाबलं, नवा पक्ष उघडला, आणि त्यांनी माझ्या दाखल्यावर अशा दिलदारपणे सही केली की शिक्का निम्मा सहीवरच बसला.

जिना उतरताना पोरगा माझ्याबरोबर होता. पेनड्राइव्ह त्याने शर्टाच्या खिशात टाकला होता. खाली पोचतो तोच त्याचा फोन वाजला. पलीकडचा आवाज मोठा होता, मला ऐकू येत होतं. अण्णांच्या जुन्या पक्षाच्या कार्यालयातून कुणीतरी विचारत होतं, तू अण्णांच्या मशीनचं काम केलंस म्हणे, आमच्याकडेही जरा येऊन जाशील का, आजच ये, पैशाचं बघू.

"येतो साहेब," तो म्हणाला आणि फोन ठेवून त्याने माझ्याकडे अगदी आपुलकीने पाहिलं.

"काका, तुमचाही कॉम्प्युटर स्लो झालाय का?"

मी म्हटलं, नाही, झकास चालतो.