शिरूरचा दौंडला, दौंडचा शिरूरला

मुलगा कुबड्या घेऊन चालतो म्हणून तोंडावर 'नाही' म्हणणारे मुख्याध्यापक आता मिळत नाहीत. आता खुर्ची देतात, चहा मागवतात आणि म्हणतात, "आमची कुठं ना आहे? पण लेकराचं हित बघा." हे हित कायम पलीकडच्या तालुक्यात असतं. शिरूरकरांचं दौंडला, कारण "तिकडं रेल्वे आहे, सगळ्या सोयी असणार." दौंडकरांचं शिरूरला, कारण "तिकडं रांजणगावची एमआयडीसी, पैशाला काय तोटा?"

म्हणजे न्हावरे-चौफुला रस्त्यावर, भीमेच्या पुलावर, रोज सकाळी दोन बाप समोरासमोर येणार. पुढं उसाची ट्रॉली, मागं पोरगं, कुबड्या गाडीला आडव्या बांधलेल्या. "तुमचं कुठं?" "दौंड. तुमचं?" "शिरूर." मी म्हणतो, पोरं पुलावरच उतरवा, शाळा तिथंच काढा. मात्र मग कुठला कठडा कोणत्या गटशिक्षणाधिकाऱ्याचा, यावर पत्रव्यवहार सुरू होईल. मोजणीवाले येतील, टेप कमी पडेल. फळा शिरूरच्या हद्दीत आला तर खडू दौंडनं द्यायचा का, याबद्दल वरून मार्गदर्शन मागवलं जाईल. खिचडी मधल्या खांबावर शिजवायची ठरेल आणि विशेष शिक्षक दोन्ही तालुक्यांना अर्धा-अर्धा दिल्यानं कुठल्याच टोकाला दिसणार नाही. एक काम मात्र फत्ते होईल. या मुलांना मुख्य प्रवाहात आणायचं, असं प्रत्येक भाषणात असतंच. खाली भीमा आहे.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा, कलम 31: किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत नाहीतर विशेष शाळेत. कुठल्या, ते मुलाच्या पसंतीनं. मुख्याध्यापकाच्या नव्हे. एवढी ओळ वाचून दाखवायला बापानं रोजगार बुडवून, वकील लावून कोर्टात का उभं राहायचं? त्या 40 टक्क्यांच्या दाखल्यासाठी तो पोराला पाठुंगळी घेऊन रांगेत होता, तेव्हा हित बघणारे कुठं होते? सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये प्राथमिकला अशा 10 मुलांमागं एक विशेष शिक्षक ठरवून दिला, वरच्या वर्गांना 15 मागं एक. शाळेचं उत्तर तयार: विशेष शिक्षक नाही, म्हणून मूल घेता येत नाही. शिक्षक का नाही? तशी मुलंच नाहीत! 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, मात्र तशी मुलं बरोबर सापडतात. हातात केळं, डोक्याला टोपी, शेजारी पाहुणे. फोटोला कधी कोणी पलीकडच्या तालुक्यात पाठवत नाही.

अशाच एका बापानं शेवटी कोर्ट गाठलं. आता शाळेच्या वकिलांनी म्हणणं मांडायला मुदत मागितली आहे. पोरानं अठरा ओलांडली की कलम 31 संपलं, हे त्यांना पाठ आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची. कुठल्या दिवाळीनंतरची, ते रोजनाम्यात लिहायचं राहून गेलंय.