वैशाखातली थंडी आणि सत्काराची शाल

वातानुकूलित कचेरीतली थंडी साहेबांच्या कोटाच्या मापाने बेतलेली असते. बाकीच्यांनी आपले कपडे त्या थंडीच्या मापाने बेतायचे असतात.

याला शास्त्राधार आहे. कपड्यांची ऊब मोजण्याचे ‘क्लो’ हे एकक १९४१ साली अमेरिकेत ठरले. २१ अंश सेल्सिअसच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखाचे वाटेल एवढे कपडे म्हणजे एक क्लो. व्यवहारात तो पूर्ण सूट भरतो. हाफ शर्ट आणि पातळ पँट मिळून जेमतेम अर्धा क्लो होतो. उरलेल्या अर्ध्याची तजवीज ज्याची त्याने करायची. शिवाय हे गणित ज्या देहावर बसवले, तो सत्तर किलो वजनाच्या, चाळिशीच्या पुरुषाचा आहे. बायकांच्या शरीरात त्याहून कमी उष्णता निर्माण होते, असे नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले. जेवणाच्या सुट्टीत डबे घेऊन जिन्यातल्या उन्हाच्या तिरिपेत बसणाऱ्या बायकांना हा शोध आधीच लागला होता.

मुंबईत घामाची भर पडते. लोकलमधून उतरलेल्याचा शर्ट पाठीला चिकटलेला असतो. तो तसाच गार हवेत शिरला की घाम वाळताना अंगातली ऊब घेऊन जातो आणि थोड्याच वेळात दात वाजू लागतात. म्हणून आत सुती बनियन घालावा, बॅगेत दुसरा ठेवावा आणि पोहोचताच बदलावा. उतरवलेला बनियन खुर्चीच्या पाठीवर वाळत घालू नये. पायांत मोजे हवेतच. पुण्यात दुचाकीवरून येणाऱ्या मुलींची तयारी अधिक पक्की असते: उन्हासाठी चढवलेला सनकोट आणि स्कार्फ आत आल्यावर थंडीसाठी तसाच राहतो. साडी सर्वांत शहाणी. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला की ऊब वाढते, सोडला की कमी होते, आणि ॲडमिनकडे अर्ज करावा लागत नाही.

पुरुष मात्र स्वेटरला बधत नाहीत. मे महिन्यात स्वेटर घातलेला पुरुष आजारी तरी असतो किंवा निवृत्तीला तरी आलेला असतो, अशी समजूत आहे. प्रस्तुत लेखक यापैकी काहीच नसल्यामुळे (असे तो स्वतः सांगतो) त्याने सत्काराची शाल जवळ केली आहे.

या शालीविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह या त्रयीपैकी नारळाच्या दुसऱ्या दिवशी वड्या होतात, स्मृतिचिन्ह टीव्हीशेजारी धूळ खाते. शाल तेवढी कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीसकट चिरंजीव होते. पुष्कळशा शाली एका सत्कारातून दुसऱ्या सत्कारात जात राहतात आणि त्यांची घडी कधीच मोडत नाही. व्यासपीठावर ती पांघरणाऱ्याला काठ सापडत नाही, छायाचित्रकार ‘सर, इकडे बघा’ म्हणतो, आणि सत्कारमूर्ती फोटो निघताच ती काढून मांडीवर ठेवतो, कारण सभागृहात पंखे बंद पडलेले असतात. लेखकाची शाल एका वाचनालयाच्या निबंधस्पर्धेतील उत्तेजनार्थ बक्षिसाची आहे. रंग डाळिंबी, काठ जरीचा, सूत ॲक्रिलिक; कोरड्या गार हवेत ती झटकली की चटचट ठिणग्या उडतात. लेखक ती जरीचा काठ बाहेर येईल अशा बेताने पांघरतो आणि कोणीतरी ‘ही कुठली?’ असे विचारण्याची वाट पाहतो. ‘सर, ताप आहे का?’ एवढेच आजवर विचारले गेले आहे.

ही थंडी जाते कुठे, हेही पोशाखाच्या चर्चेत यायला हवे. आतली उष्णता मागच्या बोळात लावलेल्या यंत्रांतून बाहेर फेकली जाते. त्याच बोळात रखवालदाराची खुर्ची असते. त्याच्या अंगावर गळ्यापर्यंत बटणे लावलेला टेरिकॉटचा गणवेश, कमरेला पट्टा, डोक्याला टोपी. पाठीमागे यंत्राचा गरम झोत. वर शालीत बसलेल्यांच्या सोयीसाठी खाली तो भाजत असतो. त्याच्या पोशाखाचा विचार करणारे परिपत्रक निघत नाही. टोपी काढली तर मात्र मेमो निघतो.

२०२० सालापासून भारतात खोलीचा एसी सुरू केला की तो आपोआप २४ अंशांवर लागेल, असा नियम आहे. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. पण मोठ्या कचेऱ्यांत थंडी डक्टमधून येते आणि तिची कळ कुलूपबंद कपाटात असते. तेव्हा झोताखाली बसणाऱ्याने जाळीला पुठ्ठा लावून घ्यावा. शिपाईमामांकडे पुठ्ठा, चिकटपट्टी आणि शिडी तिन्ही असतात, आणि ते कारण विचारत नाहीत.

संध्याकाळी सर्व आवरणे उलट क्रमाने उतरवावीत. चष्मा असेल तर दाराबाहेर थोडे थांबावे. गार काचांवर वाफ धरते आणि पायऱ्या दिसत नाहीत. पश्चिम रेल्वेवर २०१७च्या नाताळात एसी लोकल सुरू झाली. तिचा पास असलेल्यांनी शाल बॅगेच्या तळाशी टाकू नये.