नवशिक्या मधुमेहींसाठी मार्गदर्शन (उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आवृत्ती)

एचबीए1सी 6.5 किंवा त्याहून वर आला आणि दुसऱ्या तपासणीनेही तेच सांगितलं, की तुमचा प्रवेश पक्का. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो. त्यामुळे आदल्या रात्री दुधीचं सूप पिऊन लॅबला फसवता येत नाही. तरी एकदा पिऊन बघा, सगळेच पितात.

पायरी पहिली. चहातली साखर बंद करा आणि ती बंद केल्याची बातमी सोसायटीत, लोकलच्या ग्रुपमध्ये, सुनेच्या माहेरी, सगळीकडे पोचवा. मग त्या बिनसाखरेच्या चहात दोन खाऱ्या आणि एक टोस्ट बुडवा. मैद्याची पोटात साखरच होते, पण ही बातमी कुणी पोचवत नाही.

पायरी दुसरी गावानुसार बदलते.

उल्हासनगरकरांनी रविवारी सकाळी डाळ-पकवान घ्यावं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांनी कॅम्पांत वसवलेलं हे शहर, पत्ता अजून कॅम्प नंबरनेच सांगतं आणि नाश्ताही त्यांचाच करतं. डाळ हरभऱ्याची, तिच्यावर आरोप नाही. आरोपी आहे ते मैद्याचं तळलेलं पकवान. शिकाऊ मधुमेही डाळ अर्धी ठेवतो आणि पकवान दुसरं मागवतो. गंमत म्हणजे त्याच घरात साई भाजी शिजते: भरपूर पालक, हरभऱ्याची डाळ, हाताला येतील त्या भाज्या. आहारतज्ज्ञ फी घेऊन याहून फार वेगळं सांगत नाही. पण रोजच्या भाजीला पथ्य म्हणायला मन धजत नाही.

अंबरनाथकरांसाठी महाशिवरात्र. 1060 सालच्या शिवमंदिरात दर्शनाची रांग लावा, उपास कडक धरा आणि घरी येऊन साबुदाण्याची खिचडी दोनदा वाढून घ्या. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर बटाटा. देव प्रसन्न होईल, ग्लुकोमीटरचं सांगता येत नाही.

बदलापूरला डॉक्टर म्हणतात, ‘‘भात सोडा, भाकरी खा.’’ त्यांच्या मनात ज्वारी असते. इकडच्या गावांतून भाकरी म्हणजे तांदळाची. आज्ञा पाळली जाते, तांदूळही सुटत नाही. अशी सोय इतर आजारांत नाही. शिवाय जांभूळ आहेच. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. ते फळाला आहे, औषधाला नव्हे. मूठभर जांभळं जरूर खा, पण बियांची पूड सुरू करून गोळ्या बंद करणारे पुढे डॉक्टरांकडे जास्तच वेळा दिसतात. पावसाळ्यात स्टेशनबाहेर आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, कंटोळी घेऊन बसतात. तिथे अवश्य थांबा. ताटाचा अर्धा भाग भाजीचा, पाव भाग डाळ-उसळ किंवा मासळी-अंड्याचा आणि उरलेला पाव भाग भात-भाकरी-पोळीचा, एवढं गणित बसलं तर या मार्गदर्शिकेची गरजच संपते.

पायरी तिसरी, आणि खरी अवघड: लोकल. सहाची गाडी, एकचा डबा, मध्ये चहाच चहा, रात्री आठला प्लॅटफॉर्मवर वडापाव, दहाला पोटभर जेवण, साडेदहाला झोप. आपल्याकडे साखर निम्म्याहून अधिक वेळापत्रकाने वाढते, असं माझं ठाम मत आहे. वडापावाला शिव्या देऊन काही होत नाही. साडेसहाला बॅगेत फुटाणे असतील तर आठला त्याचा वास तेवढा ओढत नाही. आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. गच्चीवर चाला, जिन्यात चाला, फक्त मोबाइल घेऊन आडवे होऊ नका. जेवणानंतरची साखर त्याने खरोखर उतरते.

आता एक सूचना, चेष्टा बाजूला ठेवून. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि गाडी मध्येच अडकून जेवण लांबलं, तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोकं चालेनासं होतं. अशा वेळी पथ्य मोडायचं: तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा घ्यायची. म्हणून मधुमेह्याच्या खिशात साखरेची पुडी हवीच, आणि ती आहे हे शेजारी बसणाऱ्यालाही सांगून ठेवा.