अतिशुद्ध ध्वनीची डिस्क घरच्या कॉम्प्युटरवर वाजवण्याची शास्त्रोक्त रीत : चांदूर बाजार व लगतच्या गावांसाठी

ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे, ज्यांचे कान शाबूत आहेत आणि ज्यांना घरात न विचारता खर्च करता येतो, अशाच रसिकांनी ही मार्गदर्शिका वाचावी. तिसऱ्या अटीत न बसणाऱ्यांनी पहिल्या दोन अटींच्या जोरावर वाचायला हरकत नाही. मात्र वाचून झाल्यावर कागद घरात उघडा ठेवू नये.

पायरी पहिली. डिस्क मागवावी. ती आठवडी बाजारात मिळत नाही, अमरावतीतही मिळेलच असे नाही. पत्ता लिहिताना ‘बाजार’ हा शब्द ठळक काढावा, नाहीतर पार्सल चांदूर रेल्वेला जाते. पूर्वी फोनवर ‘जिथं रेल्वे नाही ते चांदूर’ अशी खूण तरी सांगता यायची. नरखेड-अमरावती मार्गावर आपलेही स्टेशन झाल्यापासून तीही सोय गेली.

पार्सल आले की आतली डिस्क कोणत्या जातीची आहे ते पाहावे. मुख्य जाती दोन. सोनी आणि फिलिप्सने 1999 मध्ये काढलेली एसएसीडी, आणि तिच्या पाठोपाठ 2000 मध्ये आलेली डीव्हीडी-ऑडिओ. दोघींचे भांडण इतके रंगले की तेवढ्यात गिऱ्हाईक एमपीथ्री घेऊन निघून गेले. साध्या सीडीत दर सेकंदाला 44,100 वेळा आवाजाचे माप घेतात आणि प्रत्येक माप 16 बिटांत लिहितात. डीव्हीडी-ऑडिओ 24 बिट आणि 1,92,000 मापांपर्यंत जाते. एसएसीडीची तऱ्हा न्यारी. ती एका वेळी एकच बिट लिहिते, पण सेकंदाला 28,22,400 वेळा. ट्रक मागे घेताना क्लीनर जसा ‘येऊ द्या’ आणि ‘बस’ एवढ्यावर सगळे भागवतो, तसा हा कारभार. त्यात खरखर भरपूर निघते; ती 20,000 हर्ट्झच्या वर, माणसाला ऐकू येत नाही त्या मजल्यावर ढकलून दिलेली असते. घरच्या कुत्र्याचे मत विचारात घ्यायचे असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी तिसरी. (दुसरी पायरी वीज आल्यावर.) डिस्क ड्राइव्हमध्ये घालावी. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, हे तो चारी बाजूंनी फिरवून पाहिल्यावर कळते. मग यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह मागवावा. पत्त्यात ‘बाजार’ ठळक.

डिस्क गरगरेल आणि गाणे सुरू होईल. इथे आनंद आवरावा. वाजते आहे ती साधी सीडी. बहुतेक एसएसीडी दुपदरी असतात: एका पदरात जुन्या प्लेअरसाठी साधी सीडी, दुसऱ्यात खरा ऐवज. कॉम्प्युटरला पहिलाच पदर दिसतो. दुसऱ्या पदराची किल्ली डिस्कवरच्या सूक्ष्म खड्ड्यांच्या रुंदीत दडवलेली आहे आणि ती ओळखणारी यंत्रणा कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये बसवलेलीच नसते. लेसर चालतो, मोटर चालते, पैसे तर कधीच चालते झालेले असतात. परवानगी तेवढी नाही. डिस्क एकपदरी असेल तर ड्राइव्ह थोडा वेळ कण्हतो आणि आत काही नाहीच म्हणून सांगतो.

या लेखकाचे मत विचाराल तर या डिस्कमध्ये सर्वांत जीव ओतून घडवलेली वस्तू संगीत नव्हे, कुलूप आहे. ते बारा वर्षे टिकले. 2011 मध्ये लोकांच्या ध्यानात आले की 2006 सालच्या पहिल्यावहिल्या प्लेस्टेशन 3 मध्ये एसएसीडी नुसती वाजत नाही, तर जुने सॉफ्टवेअर शिल्लक असलेल्या यंत्रातून ती उतरवूनही घेता येते. म्हणजे जगातल्या सर्वांत शुद्ध ध्वनीची वाट शेवटी पोट्ट्यांच्या गाड्या पळवायच्या खेळण्यातून निघाली. पुढे काही ब्लू-रे प्लेअरही फितूर झाले. ती वाट कशी चालायची ते इथे सांगितले जाणार नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने 65अ हे कलम आले असून, हक्कभंगाच्या हेतूने असले कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड आहे. स्वतःच्या पैशाने घेतलेली डिस्क स्वतःच्या कॉम्प्युटरवर ऐकण्यामागचा हेतू नेमका कोणता, हे ठरवायला कोर्टाच्या तारखा घेण्याची तयारी असेल त्याने आपल्या जबाबदारीवर पुढे जावे.

डीव्हीडी-ऑडिओ त्या मानाने मनमोकळी. तिच्यात ‘ऑडिओ टीएस’ नावाचा फोल्डर असतो. तो तुम्ही पाहिलेला आहे. सिनेमाच्या डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’च्या शेजारी तो रिकामा पडलेला असायचा आणि डिस्क भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने गाणी काढून घेतली, असा संशय यायचा. दुकानदार निर्दोष होता. ती जागा या न आलेल्या पाहुण्यासाठी राखलेली होती. फूबार 2000 सारखा प्लेअर आणि त्याचा योग्य जोड बसवला की या फोल्डरातले गाणे वाजते. काही डिस्कांना मात्र इथेही कुलूप आहे. वरील कलम पुन्हा वाचावे.

आता विंडोज. गाणे, मेलची टिंग, अँटीव्हायरसची बोंब, सारे ती एकाच मापात ढवळते आणि बाहेर सोडते. ते माप बहुधा 48,000 असते. साता समुद्रापलीकडून 1,92,000 मापे आणावीत आणि घराच्या उंबरठ्यावर त्यांची चौथाई व्हावी, असा हा प्रकार. यावर ‘एक्सक्लुझिव्ह मोड’ हा उतारा आहे. तो लावला की साउंड कार्ड एकट्या गाण्याच्या ताब्यात जाते, बाकी सगळे मुके. मुलाचा ऑनलाइन क्लास त्याच कॉम्प्युटरवर असेल तर वेळ आधी विचारून घ्यावी. बाहेरचा डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारा डबा, जोडल्यास उत्तमच, पण त्याआधी घराचे अर्थिंग तपासावे. अर्थिंग नसेल तर स्पीकरमधून 50 हर्ट्झची घुंग येत राहते. तीही अतिशुद्ध येते.

यापुढची पायरी खोलीची, आणि इथेच वऱ्हाडातला रसिक जगाच्या पुढे आहे. कंपन्यांचे म्हणणे असे की 16 बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात 96 डेसिबलचे अंतर मावते, तर 24 बिटांत 144 डेसिबलचे. कबूल. आता मे महिना घ्या. बाहेर पारा 45 च्या आसपास, खिडकीत लोखंडी कूलर, आत पंप, पंखा आणि पत्र्याची थरथर. खोलीत 60 डेसिबल धरून चला. गाण्यातला हळूत हळू स्वर या कूलरच्या वर काढायचा, तर साध्या सीडीचाच मोठ्यात मोठा स्वर 156 डेसिबलला जाईल. माणसाचा कान 120-130 ला दुखू लागतो. 24 बिटांची डिस्क पुरती वसूल करायची तर 204 डेसिबल लागतील. आणि हवेत सुमारे 194 डेसिबलच्या वर सरळ ध्वनीची लाट मावतच नाही. तिथे लाटेच्या खळग्यात हवाच उरत नाही. म्हणजे कूलर चालू ठेवून ही डिस्क पूर्णपणे ऐकणे चांदूर बाजारातच काय, पृथ्वीवर कुठेच शक्य नाही.

तेव्हा कूलर बंद करावा. हे काम एकट्याने करू नये. घरात वडीलधारे असतील तर आधी त्यांना बाहेर ओसरीत बसवावे.

“कायले बंद केला गा?”

“काकाजी, बासरीतला श्वास आयकाचा हाय.”

“मंग माह्या श्वासाचं काय करतं?”

याला शास्त्रात उत्तर नाही. हिवाळा हा पर्याय चांगला वाटतो, पण पौषात बहिरमची यात्रा असते, आणि हंडीतले मटण व रोडगे खाऊन परतलेल्या माणसाने डिस्क ऐकायला बसू नये. पहिल्या आलापातच झोप लागते. संत्र्याचा हंगाम असेल तर गाड्यांची वर्दळ. शांत वेळ रात्री दोनची; तेव्हा विहिरीवरच्या मोटरीसाठी लाइन आलेली असते आणि घरचा कर्ता शेतात असतो.

ऐकायचे काय, हाही प्रश्न आहे. आपल्याकडच्या रागदारीच्या मानाने एसएसीडीवर फार थोडे निघाले. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचा 1993 चा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हा ग्रॅमी मिळालेला अल्बम पुढे या रूपातही आला, तो मागवता येईल. पण काकाजींना हवे असतात अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब 1937 मध्ये गेले. त्यांचे गाणे लाखेच्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर आहे. 1925 च्या आधीच्या तबकड्या तर भोंग्यापुढे गाऊन, विजेच्या मायक्रोफोनशिवाय भरलेल्या. त्या 24 बिट आणि 1,92,000 मापांनी उतरवल्या तर सुईची प्रत्येक खरखर अलौकिक तपशिलासह जपली जाते. मोबाइलच्या दुकानात कार्डात भरून मिळणारी 128 केबीपीएसच्या एमपीथ्रीतली भजने ‘एचडी’ करून देण्याची विद्याही प्रचारात आहे. फाइल फुगते. गाणे होते तेवढेच राहते, म्हणजे सीडीतल्या माहितीचा साधारण अकरावा हिस्सा.

शेवटी परीक्षा. बोस्टनच्या मेयर आणि मोरान या दोघांनी 2007 मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला. ऐकणाऱ्यांना कधी थेट अतिशुद्ध डिस्क, तर कधी तोच आवाज साध्या सीडीच्या मापातून गाळून ऐकवला. 554 वेळा विचारले; 276 वेळा बरोबर ओळखले. छापा-काटा केला असता तरी एवढेच जमले असते. घरी हाच प्रयोग करताना पडद्याआड कॉम्प्युटर ठेवावा आणि मत फक्त वहिनींना विचारावे, कारण खर्च करणाऱ्याला फरक हमखास ऐकू येतो.

“वहिनी, कोनतं बरं वाटलं?”

“दुसरं.”

“काहून?”

“तवा तुमी बोलत नव्हते.”

शेजारी येऊन हेच गाणे फोनवर फुकट वाजवून दाखवील. त्याच्याशी वाद घालू नये, त्याला गिला वडा खाऊ घालावा आणि डॅकची किंमत विचारल्यास शेवटचे शून्य गाळून सांगावी. घरी सांगितलेली किंमत आणि ही किंमत एकच आहे याची खात्री आधी करून घ्यावी.